हैदराबाद, २० मार्च १९८७: गावसकर गातात

पहिल्यांदा बशीरबागचा उड्डाणपूल नाहीसा होतो. मग दुकानांवरचे चकचकीत फलक जातात, मोबाइलचे मनोरे जातात, हवेतला निम्मा धूर जातो. सिकंदराबादकडून येणारी डबल डेकर तुमच्या अगदी जवळून धडधडत जाते आणि ती पुढे सरकल्यावर लाल बहादूर स्टेडियमची भिंत दिसते. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'फतेह मैदान'च आहे. शुक्रवार, २० मार्च १९८७. नौबत पहाडावरचं बिर्ला मंदिर उन्हात पांढरंशुभ्र तळपतंय. पाडवा जेमतेम दहा दिवसांवर आहे.

आत भारत आणि पाकिस्तान यांचा एकदिवसीय सामना चाललाय. तुमच्याकडे तिकीट नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारता, तर तो चुन्याचं बोट न थांबवता म्हणतो, "टिकट? नक्को पूछो मियाँ. रात कूच खतम." भिंतीपलीकडून गर्जना उठते. चौकार गेला की कुणी बाद झालं, हे बाहेर उभं राहून कळत नाही. पानवाल्याला मात्र आवाजावरून कळतं. "चौका," तो म्हणतो आणि पान गुंडाळतो.

तुम्हाला या सामन्याचा निकाल ठाऊक आहे. चव्वेचाळीस षटकांत भारत २१२, पाकिस्तानही २१२. शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना अब्दुल कादिर धावचीत होईल. भारताचे सहा गडी गेलेले असतील आणि पाकिस्तानचे सात, त्या एका गड्यावर भारत जिंकेल. पण हे कुणाला सांगायचं नाही. भूतकाळात पाहुणा म्हणून आलेल्याने एवढी मर्यादा पाळायची. शिवाय तुम्ही सामन्यासाठी आलेला नाही. संध्याकाळी बडी चावडीजवळच्या एका मराठी घरात एक कॅसेट लागणार आहे, तिच्यासाठी आला आहात.

किंग कोठीवरून चालत निघा. या शहरात मराठी माणूस पाहुणा नाही, हे वाटेतच लक्षात येईल. जांबागला विवेकवर्धिनी शाळा आहे, शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, साहित्य परिषदेचं 'पंचधारा' हे नियतकालिक आहे. सुलतान बाजार, काचीगुडा या बाजूंना दारावरच्या पाट्यांवर देशपांडे, कुलकर्णी, जोशी सापडतात. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि ही राजधानी एकाच अंमलाखाली होती. नांदेड-परभणीचा पोरगा शिकायला, वकिली करायला, नोकरीला इथे यायचा. मग १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, शहर आंध्र प्रदेशात राहिलं. माणसं जिथे होती तिथेच होती. त्यांची भाषा मात्र त्या दिवसापासून घराच्या उंबऱ्याआत आली. बाहेर तेलुगू, उर्दू, इंग्रजी. आत मराठी. ज्या घरी तुम्ही निघालात, तिथला नातू दहा वर्षांचा आहे. तो गल्लीत फर्डी दखनी बोलतो, शाळेत इंग्रजी बोलतो, आणि मराठी फक्त आजीशी.

दार उघडंच आहे. काका धोतर नेसून टीव्हीसमोर पाटावर बसलेत. "या, या. मुंबईचे ना? बसा, शेवटची चार षटकं राहिलीत." काकू आतून विचारतात, "चहा टाकू ना?" आणि उत्तराची वाट न पाहता टाकतातही. चहाबरोबर बशीत उस्मानिया बिस्किटं येतात, शेजारी शेंगदाण्याची चटणी लावलेली कालची भाकरीही. दूरदर्शनचं चित्र मधूनच खाली सरकतं. नातू उठून टीव्हीच्या डोक्यावर थाप मारतो.

शेवटचा चेंडू होतो. कादिर धावतो. काका उभे राहतात. चेंडू यष्टींकडे येतो आणि गल्लीत सगळ्या घरांतून एकदम ओरड उठते. कुणीतरी डबा बडवतं. निकाल माहीत असूनही तुमच्या छातीत धडधडतं.

या पंधरवड्याचं वजन समजून घ्या. ७ मार्चला अहमदाबादला सुनील गावसकरांनी कसोटीतली दहा हजारावी धाव काढली. त्याआधी ती कुणीच काढली नव्हती. मग बंगळूरची कसोटी: फिरकी घेणाऱ्या, चेंडू कुठेही उसळवणाऱ्या खेळपट्टीवर चौथ्या डावात ९६ धावा, आणि भारत १६ धावांनी हरला. तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. ती त्यांची शेवटची कसोटी होती. काका त्या डावाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दल बोलावं तसा.

"लाव रे ते," काका नातवाला म्हणतात.

नातू कपाटातून टेपरेकॉर्डर काढतो. कॅसेट मुंबईच्या पुतण्याने भरून पाठवलेली आहे. पाठीवर निळ्या शाईत लिहिलंय: भावगीतं, नाट्यगीतं, शेवटी 'गावसकर'. मागच्या दोन्ही टिकल्या मोडलेल्या, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरू नये. टेप सैल झाली आहे. नातू पेन्सिल घालून चाक फिरवतो, मग बटण दाबतो. आधी सुरसुर, मग मध्येच तुटलेलं एक नाट्यगीत, आणि मग वाद्यमेळ सुरू होतो. हलकाफुलका, पाय ठेका धरेल असा. त्यावर एक पुरुषाचा आवाज. तालीम केलेला नाही, पण शब्द स्वच्छ आहेत. हाच आवाज तुम्ही पुढची कित्येक वर्षं इंग्रजीतून समालोचन करताना ऐकणार आहात.

गाणं शांताराम नांदगावकरांचं आहे. क्रिकेटचा डाव आणि माणसाचं जगणं यांची सांगड घालणारं. नांदगावकर म्हणजे 'अष्टविनायक' सिनेमात वसंतराव देशपांडे ज्यांचे शब्द गायले ते गीतकार. १९७९ चा तो सिनेमा या घरात सगळ्यांनी पाहिलाय. म्हणजे एकाच लेखणीने वसंतरावांसाठी लिहिलं आणि सलामीच्या फलंदाजासाठीही. मला यात नांदगावकरांचा मोठेपणा दिसतो. गाऊ न शकणाऱ्या माणसासाठी लिहायचं तर शब्द बोलण्याच्या जवळ ठेवावे लागतात, ओळी आखूड ठेवाव्या लागतात, चढ-उतार कमी. गवयाच्या गळ्यात जे शोभतं ते इथे उघडं पडतं. हे ओळखून लिहिणं सोपं काम नाही.

आजी कोपऱ्यात वाती वळतायत. त्यांना गाण्यातलं कळतं. "गळा नाही रे त्याला," त्या म्हणतात.

"अगं आई, नसेना! त्याने बॅट धरायची का तंबोरा?"

"मग गातो कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि जगभर विचारला गेलाय. उत्तर नातवाकडून येतं, तेही प्रश्नाच्या रूपात. त्याने टेपरेकॉर्डरजवळ कान नेलाय. तो वर बघून विचारतो, "बाबा, गावसकर मराठी बोलतात?"

काका हसतात. "मग! मुंबईचा मराठी माणूस आहे तो."

त्या पोराचा चेहरा नीट पाहून घ्या. गावसकर त्याला ठाऊक होते ते पोस्टरमधून, हिंदी समालोचनातून, इंग्रजी पेपरातून. गल्लीतल्या मुस्लिम मित्राचे, तेलुगू मित्राचे जेवढे गावसकर, तेवढेच त्याचेही. आजीशी बोलायची भाषा त्या माणसाच्या तोंडात असेल हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. सूर लागला की नाही हा प्रश्न त्याच्यापुरता संपला. तो टेप मागे फिरवतो आणि पुन्हा लावतो.

मी या गाण्याबद्दल लिहितोय ते या पोरासाठी. खेळाडूंच्या गाण्यांना लोक हसतात, त्यांच्या 'सगळ्यात वाईट' अशा याद्या करतात. मला ते पटत नाही. आपल्या कामात जगात अव्वल असलेला माणूस ज्या कामात नवशिका आहे त्यात सगळ्यांसमोर उभा राहतो, आणि आपल्याच बोलीत उभा राहतो, याला धैर्य लागतं. गावसकरांनी १९८० मध्ये 'सावली प्रेमाची' या मराठी सिनेमात नायकाचं कामही केलं होतं. बंगल्यात बसून इंग्रजी स्तंभ लिहीत राहणं त्यांना जास्त सोपं होतं.

आता टेपच्या सुरसुरीतून आणखी मागे चला. १० मार्च १९७१. पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल, त्रिनिदाद. मैदानामागे हिरवे डोंगर, स्टँडमध्ये शंख फुंकणारे प्रेक्षक. एकवीस वर्षांचा एक बुटका पोरगा आपल्या पहिल्याच कसोटीत विजयाच्या धावेपर्यंत पोहोचलाय, ६७ वर नाबाद. समोरच्या टोकाला हैदराबादचा सय्यद आबिद अली, २१ वर नाबाद. वेस्ट इंडीजला भारताने प्रथमच कसोटीत हरवलंय. संघात हैदराबादची आणखी माणसं आहेत: जयंतीलाल, गोविंदराज, आणि मोटगनहळ्ळी जयसिंहा.

जयसिंहांकडे जरा जास्त वेळ पाहा. कॉलर वर, गळ्याला रेशमी रुमाल, चालण्यात ऐट. १९६० मध्ये कोलकात्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाचही दिवस फलंदाजीला आलेला हा माणूस. कसोटीत असं करणारा पहिलाच. १९६८ मध्ये अर्ध्या दौऱ्यात बोलावणं आलं, विमानातून उतरून ब्रिस्बेनला ७४ आणि १०१ काढल्या. या दौऱ्यात त्यांची कारकीर्द संपतेय आणि त्या पोराची सुरू होतेय. पोरगा त्यांच्याकडे भक्तिभावाने बघतो. पुढे तो आपल्या मुलाचं नाव ठेवील रोहन जयविश्व: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ. म्हणून बडी चावडीचे काका म्हणतात की गावसकरांच्या घरात एक हैदराबादी नाव कायमचं मुक्कामाला आहे. या गोष्टीचा अभिमान सांगताना ते जयसिंहांना 'आपले जय' म्हणतात.

मालिका संपते तेव्हा चार कसोटींत त्या पोराच्या ७७४ धावा झालेल्या असतात, सरासरी १५४.८०. आणि इथे, ज्यांना त्याने छळलं त्याच बेटांवर, लॉर्ड रिलेटर नावाचा कॅलिप्सो गायक त्याच्यावर गाणं रचतो. आपल्याच गोलंदाजांना पळता भुई थोडी करणाऱ्या परक्या पोरावर हे लोक प्रेमाने गातात. कॅलिप्सो म्हणजे तिथला चालता-बोलता पोवाडा: परवा घडलं ते आज गाण्यात. आपल्या शाहिरीच्या घराण्यातलंच म्हणा. क्रिकेट आणि गाणं यांची गाठ गावसकरांच्या आयुष्यात अशी पहिल्याच दौऱ्यात पडली, त्यांनी स्वतः तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी.

आणि ही वाट त्याहून जुनी आहे. १९३० चा उन्हाळा घ्या. डॉन ब्रॅडमन इंग्लंडमध्ये एका मालिकेत ९७४ धावा काढतात आणि त्याच वर्षी कोलंबिया कंपनीसाठी पियानो वाजवून तबकडी भरतात. एका गाण्याची चालही त्यांनी बांधलेली होती. इंग्लंडच्या फुटबॉल संघाने १९७० च्या विश्वचषकाआधी मिळून गायलेलं गाणं तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. शिकागो बेअर्सच्या अमेरिकन फुटबॉलपटूंनी १९८५ च्या डिसेंबरात, अजून अंतिम सामनाही गाठलेला नसताना, विजयाचं रॅप भरलं आणि पुढच्या महिन्यात खरोखर जिंकून दाखवलं. काकांच्या घरी तुम्ही बसलात त्याच्या पुढच्याच महिन्यात ग्लेन हॉडल आणि क्रिस वॉडल हे दोन इंग्लिश फुटबॉलपटू गाणं काढतील आणि ते बाराव्या क्रमांकापर्यंत चढेल.

पण दिल्लीला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९८३ चा ऑगस्ट. कपिलदेवच्या संघाने विश्वचषक आणलाय आणि मंडळाच्या तिजोरीत खेळाडूंना द्यायला पैसे नाहीत. लता मंगेशकर मानधन न घेता गायला उभ्या राहतात. खास या संघासाठी लिहिलेलं गाणं इंदीवर यांचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. आणि लताबाईंच्या मागे, गळ्यात कुठलाही रियाज नसलेले हे सगळे विश्वविजेते, कोरसमध्ये. त्यांच्यात गावसकरही. कुणी ओळ विसरतो, कुणी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून गातो. त्या रात्रीच्या पैशांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळतात. आज हे ऐकून कुणाला खरं वाटणार नाही: जगज्जेत्या संघाचं बक्षीस गाण्यातून उभं राहिलं होतं. स्वतःच्या मेहनतान्यासाठी लताबाईंच्या मागे उभं राहून गाणारे खेळाडू मला कुठल्याही चषकाच्या छायाचित्राहून मोलाचे वाटतात.

परत बडी चावडीला या. टेप तिसऱ्यांदा लागलीय. आजींच्या वाती वळून झाल्यात. "शब्द बरे आहेत," त्या एवढं कबूल करतात. काकू पोळ्या लाटताना ठेका धरतायत, ते त्यांना कळलेलं नाही. गल्लीतला मित्र दारात येऊन विचारतो, "क्या सुनरा रे?" नातू म्हणतो, "गावसकर गारा. हमारे में गारा." हमारे में, म्हणजे आमच्या भाषेत. मित्र आत येतो, बसतो, एक अक्षर न कळता पूर्ण गाणं ऐकतो. "हौला नै है, अच्छा गारा," असा निकाल देतो. हौला, म्हणजे वेडपट. या शहरात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

निरोप घ्या. काकू हातावर साखर ठेवतील, ती घ्या.

पुढचे मुक्काम भराभर होतील. २००६ ची दिवाळी सरतेय. चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आहे. ताशी दीडशे किलोमीटरहून वेगात चेंडू टाकणारा ब्रेट ली ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आशा भोसल्यांशेजारी उभा आहे. आशाताई त्र्याहत्तर वर्षांच्या. ली अगदीच कच्चा नाही. भाऊ शेन आणि न्यू साउथ वेल्सचे सोबती यांच्याबरोबर त्याचा बँड होता. तरीही एवढ्या मोठ्या गायिकेशेजारी हिंदी शब्द तोंडात बसवताना तो शाळकरी मुलासारखा जपून उच्चार करतो. ५ नोव्हेंबरला त्याचा संघ ब्रेबॉर्नवर चषक जिंकेल आणि गाणंही भारतात गाजेल.

२०१६ चा मे. हैदराबाद पुन्हा, पण आता उप्पलचं स्टेडियम, विजेचा झगमगाट. ड्वेन ब्राव्हो गुजरातच्या संघातून खेळायला आलाय. त्याचं 'चॅम्पियन' गाणं एका महिन्यापूर्वी कोलकात्यात वेस्ट इंडीजच्या पुरुष आणि महिला संघांनी एकाच दिवशी विश्वचषक जिंकून नाचून जगभर नेलं. १९७१ च्या त्रिनिदादचा धागा इथे जुळतो: ब्राव्होही तिथलाच, आणि नावं घेत-घेत गौरव करायची त्याची रीत कॅलिप्सोचीच. त्या वर्षी हैदराबादला आयपीएल जिंकून देणारा डेव्हिड वॉर्नर पुढे २०२० मध्ये टाळेबंदीत तेलुगू गाण्यावर नाचून शहराचा लाडका झाला. त्याचं प्रेम खरं आहे, पण तो दुसऱ्याच्या आवाजावर नाचत होता. स्वतःचा अर्धाकच्चा आवाज पुढे ठेवणं ही वेगळी देणगी आहे.

२०१७ चा एप्रिल. सचिन तेंडुलकर सोनू निगमबरोबर गातोय, आपल्या सहा विश्वचषकांतल्या सहकाऱ्यांची नावं गुंफलेलं गाणं. लाजाळू सचिन गायला तयार झाला याचा आनंद आहे. पण गाणं हिंदीत आहे. ज्याचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी, ज्याचं नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं, त्याच्या आवाजात एक मराठी गाणं हवं होतं. जिथे असतील तिथल्या मराठी पोरांसाठी हवं होतं: इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या, काचीगुड्याच्या. सचिन हे वाचत असेल तर माझी मागणी अजून उभी आहे.

आता आजच्या हैदराबादला उतरा आणि एक काम करा. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशा भरून घेतलेल्या कॅसेट असतील. मुंबईहून, पुण्याहून, औरंगाबादहून आलेल्या, पाठीवर निळ्या शाईत नावं लिहिलेल्या. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि ती आपल्याच वेटोळ्यांना चिकटते. वाजवायच्या आधी बुरशी आहे का पाहा, असली तर घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, जाणकाराकडे द्या. टिकल्या मोडलेल्या नसतील तर आधी त्या मोडा. मग एकदा पूर्ण वाजवून संगणकावर उतरवून घ्या. कुणी भरली, कधी, कुणासाठी, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून आजच लिहून ठेवा. आणि एक प्रत जवळच्या मराठी ग्रंथालयात नेऊन, ठेवून घ्याल का, असं विचारा. नामवंत गायकांची गाणी कंपन्या जपतील. फलंदाजाचं गाणं आपल्यालाच जपावं लागेल.